भूमिकाच्या जॅकेटचं टोपरं

आमच्या राजपुऱ्यात दत्तात्रयभाऊंच्या घरी आज काय शिजलंय हे कळायला वास यायची गरज पडत नाही. त्यांची बायको मंगला त्यांना ताट वाढते तेव्हा "भाजी वांग्याची आहे!" असं इतक्या जोरात सांगते, की समोर माझ्या दुकानात ब्लाउजचं माप देत उभी असलेली बाई दचकते. भाऊंनी सगळी उमर पॉवरलूमचे मिस्तरी म्हणून काढली. बिघडलेल्या लूमला कान लावून ते त्याचा रोग ओळखायचे, आणि त्या लूमांनीच त्यांचे कान खाल्ले. आता त्यांना फक्त ओरडून सांगितलेलं कळतं. स्वतःही ते ओरडूनच बोलतात, कारण आपला आवाज कुठवर जातो याचा त्यांना पत्ताच नसतो. मंगलाला त्यांनी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्यांच्या पिढीत तशी रीतच नव्हती. "ओ भूमिकाची आई!" अशी आरोळी गल्लीच्या तोंडाशी उठते आणि निंबावरचे कावळे उडतात. गल्ली हसते, मीही हसते. मात्र त्या घराबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

भूमिका ही त्यांची एकुलती एक लेक. परीक्षा देऊन, मैदानात पळून-पळून ती वनरक्षक झाली, आणि आसिरगडापलीकडच्या डोंगरातल्या एका चौकीवर तिची ड्यूटी लागली. लहानपणी ती माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांचे वाघ-हरणं करायची, म्हणून मला फारसं नवल वाटलं नाही. मंगलाला मात्र ते झेपलं नाही. मागच्या पावसाळ्यात पोरगी जंगलात आठ-आठ तास भिजली, छातीत कफ धरला, न्यूमोनिया झाला. दवाखान्यातल्या खाटेवर ती इतकी बारीक दिसत होती की मी बाहेर येऊन रडले. ती घरी आल्यावर मंगलानं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि वचन मागितलं: पुढच्या पावसाळ्यात, पोळ्यापर्यंत, एकदा जरी भिजून ताप आला तर राजीनामा द्यायचा. भूमिकानं वचन दिलं. देताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय. त्या पोरीला नोकरी म्हणजे पगार नव्हता, तिला ते जंगल हवं होतं.

उन्हाळ्यात एक दिवस भाऊ माझ्या दुकानात आले आणि कटिंगच्या टेबलावर प्लॅस्टिकचा एक रेनकोट टाकला. भूमिकानं तो बाजारातून घेतला होता. बाहीला काट्यांनी चिरा पडलेल्या, पाठीवर शेकोटीच्या ठिणग्यांची भोकं, आतून घामाचा वास.

"वैजूताई, हे पाहा!" ते ओरडले. "याच्यात काही दम नाही! पोरगी भायेरून पावसानं भिजते अन् आतून घामानं! वरून चालली का खस्स खस्स वाजते. सारं जंगल म्हणतं, आली पाहा मॅडम!"

"मग?"

"आपन कापडाचं जॅकेट करू! कापड मी विनतो, शिवा तुमी!"

मी कपाळाला हात लावला. माझं आयुष्य ब्लाउजच्या कटोऱ्या आणि बाहीच्या चुण्यांत गेलेलं. "भाऊ, सुती कापड पावसात अंगावर घातलं तर फडकं होतं त्याचं," मी जीव तोडून सांगितलं.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं. सुताचा धागा भिजला की फुगतो. कापड जर इतकं घट्ट विणलं की धाग्याला फुगायला जागाच उरली नाही, तर भोकं आपोआप बंद होतात आणि पाणी आत शिरत नाही. कोरडं असलं की तेच कापड हवा सोडतं. वरून खांद्यांना मेण आणि अळशीचं तेल लावायचं, झालं. बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. रिटायर झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

कडूशेठच्या कारखान्यात त्यांचा शब्द अजून चालतो. एका लूमवर त्यांनी स्वतः ताणा चढवला, दुहेरी धागा घेतला आणि लूम कण्हेपर्यंत घट्ट विणलं. तो तागा माझ्या टेबलावर पडला तेव्हा लाकडाच्या फळीसारखा वाजला. "भाऊ, हे भिजवून घेतलं का?" मी विचारलं. ब्लाउजचं अस्तरसुद्धा आम्ही आधी पाण्यात बुडवतो.

भाऊंना राग आला. "मी विनलेलं कापड आटत नसते! इतक्या वर्सांत एक तक्रार आली का?"

आता यातली गंमत तुम्हाला सांगते. आमच्या गल्लीतलं कापड लूमवरून उतरलं की कोरंच ट्रकमध्ये चढतं. धुणं, रंगवणं सगळं परगावी. विणताना तुटू नये म्हणून धाग्याला खळ पाजलेली असते आणि कापड त्या खळीवरच ताठ उभं असतं. ते धुतल्यावर कसं होतं, हे विणणाऱ्यानं उभ्या जन्मात पाहिलेलं नसतं. तक्रार येणार तरी कुठून? पण भाऊंच्या तोंडाला कोण लागणार. मी कात्री चालवली.

जॅकेट झालं. भूमिका सुट्टीवर आली होती, तिला ते घालून अंगणात उभं केलं आणि भाऊंनी पाण्याच्या मोटारीचा पाइप धरला. आधी ठीक चाललं होतं. मग खळ सुटली. पोरीच्या अंगावरून भाताच्या पेजेसारखं पांढरं चिकट पाणी ओघळायला लागलं. तिनं हात झटकले तर बोटं एकमेकांना चिकटली. दोन दिवस वाळत टाकलेलं जॅकेट परत घातलं, तर बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या आणि बटणं लागेनात.

"बाबा, ये तो बच्चे का हो गया!" भूमिका हसून हसून खाली बसली. मंगलासुद्धा पदरात तोंड लपवून हसली. भाऊ मात्र बराच वेळ त्या बाहीकडे बघत राहिले. ते आटलेलं जॅकेट मंगलाला बरोबर बसलं. ती अंगानं चिमणीएवढी. पावसात अंगणातल्या नळावर जाताना ती तेच घालायला लागली.

दुसऱ्या वेळी आम्ही कुठलीच कसर ठेवली नाही. कापड उकळत्या पाण्यात घातलं, धोपटलं, वाळवलं, पुन्हा उकळलं. खांद्यावर शिवण घेतली नाही, कारण सुई जिथे जाते तिथून पाणीही जातं. पाठीपासून छातीपर्यंत एकच सलग तुकडा वरून आणला. कोपरांना दुहेरी कापड दिलं. मागचा घेर लांब ठेवला, म्हणजे ओल्या दगडावर बसली तरी कोरडी राहील. चेन चिखलानं अडकते म्हणून बांबूच्या गुंड्या लावल्या, गार बोटांनीही लागतील अशा. खिसे वर घेतले, कारण कमरेला पट्टा आणि पाण्याची बाटली असते. आणि डोक्याला टोप. भूमिका त्याला हूड म्हणायची, मंगला टोपरं म्हणायची, आणि शेवटी सगळ्यांच्याच तोंडी टोपरं बसलं.

त्या टोपऱ्यावर भाऊंनी जीव ओतला. मागच्या वेळी पोरीचं डोकं भिजूनच दुखणं आलं होतं, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. टोपरं कानांवरून घट्ट खाली येऊन हनुवटीखाली बांधायचं होतं, कापडाला मेणाचे तीन हात. ते डोक्यात घालून मी दुकानात उभी राहिले आणि मला खरंच बरं वाटलं. दोन्ही बाजूंच्या कारखान्यांचा खडखडाट एकदम दूर गेला. आमच्या गल्लीत कान झाकले गेले की माणूस सुखी होतो. मी भाऊंना अंगठा दाखवला आणि ते लहान मुलासारखे हसले.

जॅकेट घेऊन भूमिका गेली. पाऊस धरला. तिचा फोन आला की मंगला आधी एकच प्रश्न विचारायची, "भिजली का?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "नाही आई, एकदम सुकी आहे. बाबांना सांग, जॅकेट एक नंबर." मंगला ते ओरडून भाऊंना सांगायची आणि भाऊ तेच ओरडून गल्लीला सांगायचे.

पोळा आठवड्यावर आला असताना भूमिका ऑटोतून उतरली ती डोळे लाल करून, अंग तापलेलं. मंगलानं तिच्या कपाळाला हात लावला. अंथरूण घातलं, काढा दिला, डॉक्टर आणला. साधा सर्दीताप आहे, छाती साफ आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते गेल्यावर मंगला म्हणाली, "झालं आता. बरी झाली का राजीनामा लिही. वचन आहे."

भूमिका भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचे खांदे हलत होते.

भाऊ आतल्या आत जळत होते. त्यांना वाटलं, जॅकेट फेल गेलं. त्यांनी ते खुंटीवरून काढलं आणि माझ्याकडे आणलं. आम्ही उलटं करून पाहिलं. आतून सगळं कोरडं. खांदे धड, कोपरं धड, काट्यांच्या नुसत्या रेघा. मग मी टोपरं उचललं. त्याची घडी मी हातानं दाबून दिली होती तशीच होती. मेणावर एक चुणी पडली नव्हती, हनुवटीच्या नाडीला मी मारलेली गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

पोरीनं ते एकदाही डोक्यावर घेतलं नव्हतं.

भाऊंनी ते टोपरं हातात धरून मला विचारलं, "काऊन?" आणि मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक आला.

घरी जाऊन त्यांनी भूमिकाला विचारलं. आधी ती म्हणाली गरम होतं. मग म्हणाली विसरते. भाऊ तिच्या पायाशी बसून राहिले, उठेचनात. शेवटी ती उठून बसली आणि बापाच्या कानाजवळ येऊन बोलली. मी दारात उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, त्याच्यात ऐकू नाही येत. पावसाचे थेंब वरून धाड धाड वाजतात, बाकी सब बंद. जंगलात दिसतं कमी, बाबा. झाडी असते. मी पूरी कानावर चालते. कुऱ्हाडीचा आवाज लांबून येतो, एकदम बारीक. वानर ओरडलं तर समजायचं का खाली काहीतरी फिरू राहिलं. मी डोकं झाकलं तर साग तोडून नेतील अन् मला पत्ता नाही लागणार. म्हणून मी भिजले. तुम्ही इतक्या प्यारनं केलं, कसं सांगू तुम्हाला?"

भाऊंनी हातातलं टोपरं खाली ठेवलं. मग म्हणाले, "कान कशाला असतात हेच मी भुललो, बाई." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला स्वतःचाही राग आला. मीही त्याच गल्लीतली. अंगठा मीच दाखवला होता.

मंगला चुलीपाशी पाठ करून बसली होती. मला वाटलं, ती म्हणणार, बरं झालं, आता विषयच संपला. ती उठली, भूमिकापुढे येऊन बसली आणि तिनं विचारलं, "अजून काय ऐकू येतं?"

भूमिका सांगत राहिली. नाल्याला पाणी वाढलं की आधी आवाज जाड होतो. सागाच्या पानांवर पाऊस वेगळा वाजतो, बांबूवर वेगळा. माणसं जंगलात कुजबुजतात, पण माणसाची कुजबुज पानांसारखी नसते. मंगला मान हलवत होती. मला एक जुनी गोष्ट आठवली. लग्न होऊन आली तेव्हा ती पोळ्या लाटताना हळू आवाजात गाणी म्हणायची. भाऊंना ऐकू येईनासं झालं आणि तिची गाणी बंद पडली. नुसतं ओरडून कोणी गाणं म्हणत नाही.

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि तो दोन्ही कानांच्या मागे खोचला.

"हे पाह्य," ती मला म्हणाली. "सासूच्या पुढे आमी जनमभर डोकं झाकलं का नाही? पन सासूनं हाक मारली का ऐकू यायची. काऊन? पदर कानाच्या मागून असते. तसं टोपरं नाही होत का तुझ्यानं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. राजीनामा मागणारी हीच बाई का, असं झालं मला. तीही सावध झाली असावी, कारण लगेच म्हणाली, "मी हो नाही म्हटलं अजून. मी नुसतं विचारू राहिली."

चांगल्या जॅकेटवर कात्री चालवायची माझी हिंमत होईना, म्हणून नवं टोपरं आम्ही त्या आटलेल्या जॅकेटवर बसवलं. कड कानांमागून नेली आणि प्रत्येक कानावर खिडकीच्या वर असतो तसा छोटा छज्जा काढला. आत जाड अस्तर घालून तो ताठ केला. पाणी छज्ज्यावरून खाली गळणार आणि कान खालून मोकळा. भाऊंनी छज्ज्याचा कोन हातानं वाकवून वाकवून ठरवला. आता प्रश्न आला तपासायचा. भाऊंच्या कानांचा उपयोग नाही. भूमिका तापात. जॅकेट मंगलालाच बसणारं. मंगला म्हणाली, "आणा, मी घालते."

पण आमच्या गल्लीत दिवसा कोणाला काय ऐकू येणार? पाऊस हवा आणि लूमही बंद हवेत, म्हणजे पावसात लाईट जायला हवी. एरवी लाईट गेली की गल्लीभर शिव्या पडतात. त्या दोन दिवसांत भाऊ एकटेच खांबाकडे आशेनं बघत उभे असायचे, आणि कडूशेठ त्यांना बघून हात जोडायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी चांगला पाऊस लागला आणि लाईट गेली. कारखाने एकामागून एक थांबले. गल्ली इतकी शांत झाली की मला माझ्या दुकानाच्या पत्र्यावरचा एकेक थेंब ऐकू यायला लागला. मंगला जॅकेट घालून, टोपरं बांधून, माझ्या पायरीखाली उघड्या पावसात स्टुलावर बसली, भाऊंकडे पाठ करून. आवाज आला की तिनं हात वर करायचा. भूमिका घोंगडी पांघरून दारात.

भाऊंनी आधी निंबाच्या खोडावर लाकूड आपटलं. हात वर. गल्लीच्या तोंडाशी जाऊन आपटलं. हात वर. भूमिका टाळ्या वाजवायला लागली.

"आता बोलून पाहा, बाबा!" तिनं खुणेनं आणि ओरडून सांगितलं. "हळू! कुजबुजून!"

भाऊंनी "हॅलो! हॅलो!" केलं आणि सगळी गल्ली दारात आली. हशा पिकला. हळू बोलणं भाऊ विसरूनच गेले होते. मग भूमिका पावसातून पळत त्यांच्याकडे गेली (मंगला पाठमोरी होती म्हणून बरं), त्यांची बोटं त्यांच्याच गळ्यावर ठेवली आणि त्यांना समजावलं. गळा थरथरला म्हणजे आवाज मोठा. थरथर जवळजवळ बंद होईपर्यंत खाली यायचं. भाऊंनी मान डोलावली. ती परत दारात आली.

भाऊ गळ्यावर बोटं ठेवून उभे राहिले. काय बोलावं ते त्यांना सुचत नसावं. मग ते म्हणाले, "मंगला."

स्टुलावरचा हात वर झाला. लगेच नाही, थोड्या वेळानं.

ते चार पावलं मागे गेले. "मंगला." आता मला, दुकानातून, जेमतेम ऐकू आलं. हात वर. हसणारे लोक गप्प झाले होते. भाऊ अजून मागे, निंबाच्या पलीकडे गेले. त्यांचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. मंगलाचा हात खालीच होता. त्यांनी पुन्हा म्हटलं. हात खालीच. पुन्हा. पुन्हा.

भाऊंचा चेहरा पडला. ते भिजत पुढे आले, तिच्या समोर चिखलात उकिडवे बसले आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "नाही आलं ना ऐकू? छज्जा चुकला का?"

मंगलानं टोपऱ्यातून त्यांच्याकडे बघितलं. टोपऱ्यामुळे तिचा चेहरा पावसापासून कोरडा होता आणि तरी ओला होता.

"आलं," ती म्हणाली.

तिच्या ओठांवरून त्यांना कळलं. "मग हात काऊन नाही उचलला?"

"हात उचलला असता तर तुमी म्हनायचं बंद केलं असतं."

हे तिनं हळू म्हटलं. मी ऐकलं, भूमिकानं ऐकलं, भाऊंनी नाही. ते "काय? काय म्हनली?" करत राहिले आणि तेवढ्यात लाईट आली. एकामागून एक लूम सुरू झाले, गल्ली पुन्हा खडखडाटानं भरली. मंगला उठली. भूमिकाकडे बघून तिनं काहीतरी म्हटलं, आणि पोरगी घोंगडी टाकून रडत उभी राहिली. भाऊ एकदा लेकीकडे, एकदा बायकोकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार, राजीनामा ठरला.

तसं नाही, असं मी ओरडून सांगणारच होते. पण मंगला त्यांच्या जवळ गेली, आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, तिनं त्यांची बोटं उचलून आपल्या गळ्यावर ठेवली.

"जाऊ द्या पोरीला," ती म्हणाली.

बोटांना काय कळतं ते मला विचारू नका. भाऊंनी मान डोलावली, डोळे पुसले, आणि घरात जाऊन चांगलं जॅकेट, त्याचं जुनं टोपरं उसवायला, माझ्याकडे घेऊन आले.